जागेचा साचा

पेणला आमचे जे घरमालक होते, त्यांनी आयुष्यात हजारो गणपती घडवले आणि एकाचीही सोंड वाकडी गेली नाही. मोटरसायकलला मात्र त्यांनी हात लावला की ती तीन दिवस शुद्धीवर येत नसे. देवाच्या बाबतीत इतका सरळ चालणारा हात नटबोल्ट दिसला की असा का वळवळतो, हे मला कधी कळलं नाही. आळीतल्या लोकांना गंमत वाटायची. लोकांचं काय जातंय? गाडी माझी होती.

मी तेव्हा रोह्याला एका केमिकल कंपनीत नुकताच लागलो होतो. लागलो म्हणजे सहा महिन्यांच्या ट्रायलवर. नियम अगदी साधा: सहा महिन्यांत तीन लेटमार्क पडले की कायम होण्याचं पत्र विसरायचं आणि घरी जायचं. घरी काय असतं ते मला ठाऊक होतं. आधीची कंपनी बंद पडल्यावर दीड वर्ष मी बायकोच्या पगारावर जेवलो होतो. ती पेणच्या शाळेत शिक्षिका. त्या दीड वर्षात ती एका शब्दानं बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणून ते जास्त टोचायचं. तिची नोकरी पेणला, माझी रोह्याला. पहिली शिफ्ट सातची, आणि पेणहून निघणारी पहिली बस रोह्याला टेकेपर्यंत साडेसात व्हायचे. म्हणजे गाडी पाहिजेच होती.

अशा वेळी आम्ही ह्या गृहस्थांकडे खोली बघायला गेलो. खाली गणपतीचा कारखाना, वर दोन खोल्या. त्यांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"खोली पायजे?"

"हो."

"मंग गाडी घ्यावी लागंल."

अंगणात आंब्याखाली एक जुनी मोटरसायकल उभी होती. त्यांची बायको, म्हणजे काकू, दारात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "घ्या हो घ्या. हिच्यापायी दोन वर्षांत ह्यांचा एक आयतवार मला दिसला नाय." काकूंना वाटलं, गाडी विकली की सवत गेली. भाडेकरू वरच राहणार, गाडी अंगणातच राहणार आणि ह्यांचा रविवारही तिच्यापाशीच जाणार, हे त्या भोळ्या बाईच्या लक्षात आलं नाही. फरक एवढाच पडला की आता गाडी बिघडली की रडायला मी होतो.

विकली तरी एक किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेलीच राहिली. मी विषय काढला तर म्हणाले, "इकली ती गाडी. रिपेरी नाय इकली." मी त्यांना काका म्हणायचो. ते मला 'कंपनी' म्हणायचे. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. सकाळी सव्वापाचला मी जिना उतरलो की खालून आवाज यायचा, "काय कंपनी, गाडी झोपली व्हती का नीट?"

दिसायला म्हणाल तर बुटके, खाकी अर्धी चड्डी, आणि अंगावर प्लास्टरचा पांढरा थर, भुवयांसकट. आंघोळ केली तरी ती पाव तास टिकायची. पट्टी, टेप असल्या वस्तूंचा त्यांना राग. खिशात गाठी मारलेली एक सुतळी असायची, सगळी मापं त्या सुतळीवर. "माप डोल्यात असतं. पट्टी आंधल्याला." हे ते गणपतीबद्दल बोलत असतील तर मी कान धरून मान्य करतो. दोन हात उंच मूर्तीचे दोन डोळे ते एका दमात आखायचे आणि उजव्या-डाव्यात केसाचा फरक नसायचा. पण इंजिनाला डोळे नसतात आणि पिस्टनला सोंड नसते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. "यंत्र पण घडवलेलंच असतं ना? घडवलेलं सगलं सारखंच," म्हणाले आणि माझा कार्ब्युरेटर उघडला.

रविवारी सकाळी कारखान्यात गोणपाट अंथरलं जायचं. चारी बाजूंना बिनरंगाचे पांढरे गणपती ओळीनं बसलेले आणि मधोमध माझी गाडी सुटी होऊन पडलेली. मी एका कोपऱ्यात, दवाखान्याच्या बाकावर नातेवाईक बसतात तसा. काढलेले नट हरवू नयेत म्हणून ते जवळच्या मूर्तींच्या हातावर ठेवायची त्यांची पद्धत होती. ह्या गणपतीच्या हातावर चेनकव्हरचे, त्या गणपतीच्या हातावर मडगार्डचे. पद्धत चांगलीच होती म्हणा. पण त्या श्रावणात कामाचा रगाडा असा उडाला की मडगार्डचा एक नट मोदकात बसला, त्यावर पिवळा रंग चढला आणि ती मूर्ती रोह्याजवळ वरसे गावात एका घरी जाऊन विराजमानही झाली. काका चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी माझ्यामागे बसून वरशाला आले आणि यजमानांना म्हणाले, "तुमच्या देवाच्या हातात ह्यांचा नट हाय." यजमान भले. म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झाली, आता विसर्जनानंतर काय ते." मग पाचव्या दिवशी विसर्जन होईपर्यंत माझं मडगार्ड वाटेतल्या सगळ्या गावांना जागं करत रोह्याला जात-येत राहिलं. आम्ही आरतीला थांबलो, प्रसाद घेतला. काका डोळे मिटून म्हणत होते ती आरती देवाला होती की नटाला, मला माहीत नाही.

त्यांचं खरं वैर होतं ते बाजारातल्या स्पेअरपार्टच्या दुकानदाराशी. हा दुकानदार गोड बोलणारा, कपाळाला गंध, हातात कायम फडकं. कुठलाही पार्ट मागा, तो आधी विचारायचा, "ओरिजनल देऊ, ओरिजनलसारखा देऊ, का चालंल असा देऊ?" तिन्ही एकाच फळीवरून निघायचे. काकांच्या मते तिन्हींत फरक फक्त खोक्याचा. "खोक्यावर देव छापला म्हणून आत देव नसतो, कंपनी."

हे मात्र खरं होतं. त्या काळात जे सामान बाजारात यायचं त्याला सामान म्हणणं म्हणजे सामानाचा अपमान. स्क्रू घट्ट करायला जावं तर डोकं हातात यायचं. वॉशर बोटांनी वाकायचे. ब्रेकचं लायनर पाण्यात भिजलं की बिस्किटासारखं फुगायचं. काकांनी कारखान्यात एक फळी ह्या मेलेल्या पार्टसाठी राखून ठेवली होती, आणि मूर्ती पसंत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी तिचं दर्शन घ्यावं लागायचं. "ही क्लचची केबल. वय अडीच दिवस. हे लायनर, अकरा दिवस जगलं. हा प्लग, हा जल्मलाच नाय." माणूस मुलाबाळांना घेऊन गणपती ठरवायला आलेला असायचा आणि अर्धा तास मयताला उभा असल्यासारखा उभा राहायचा.

त्या फळीवरची ती अडीच दिवसांची केबल माझीच. नागोठण्याच्या अलीकडे तुटली आणि माझा पहिला लेटमार्क पडला. पर्सोनेलचे साहेब म्हणाले, "गाडी कोणाची?" मी म्हणालो, माझी. "मग उशीरही तुमचाच." त्यांनी रजिस्टरात लाल खूण केली. साहेबांची लाल खूण फार सुबक होती.

केबल गेली ती गेली, पण गाडीचं खरं दुखणं मागच्या चाकात होतं. चेन ज्या दातेरी चक्राला ओढते ते चक्र आणि चाक ह्यांच्यामध्ये एका खोबणीत जाड रबराचे चार तुकडे असतात. गाडी झटका मारते तो हे तुकडे खातात. आमच्या गाडीतली रबरं खाऊन खाऊन संपली होती. गिअर टाकला की मागून ठण्ण आवाज यायचा, चेन लोळायची, उतरायची. दुकानातली नवी घातली की महिनाभर शांतता, मग त्यांचा चुरा. तीन जोड झाले. तेव्हा काकांनी फळीवर तिसरा जोड मांडला आणि जाहीर केलं, "आता आपुन करू."

"काय करू?"

"रबर. माझ्या साच्यातून गणपती निघतो, तो साचा कशाचा? रबराचाच ना? मंग रबरातून देव निघतो तर रबरातून रबर नाय निघणार?"

पेणमध्ये हे असं वाटू शकतं. दुसऱ्या कुठल्या गावात माणसाच्या मनात हा विचार आला असता तर घरच्यांनी त्याला पाणी पाजून झोपवलं असतं. इथे घरोघर साचे. जे मोडलं त्याचा साचा घ्या, दुसरं ओता, असा सगळ्या गावाचा स्वभाव. काकांनी फळीवर जपून ठेवलेली गाडीची पहिली, झिजलेली रबरं काढली, त्यांच्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला, आणि त्यात मूर्तीच्या साच्याचं पातळ रबर थरावर थर देऊन चार नवी कोरी रबरं काढली. तांबूस, गुळगुळीत, देखणी. माझ्या हातात दिली. मी उलटसुलट करून पाहिली.

"काका, हे एका बाजूनं झिजलेलं आहे."

"हाय ना. मूळ तसंच व्हतं."

"पण मूळ झिजलं म्हणूनच तर आपण नवीन करतोय."

त्यांनी झिजल्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "गाडीला त्याची सवय हाय." आणि बसवली. झिजलेल्या रबराची हुबेहूब झिजलेली नक्कल, जन्मतः म्हातारी, घेऊन मी दहा दिवस चाललो. अकराव्या दिवशी खांबच्या पुढे चेन उतरून चाकात अडकली. दुसरा लेटमार्क. ट्रायल संपायला सहा आठवडे होते.

गाडीत पुन्हा दुकानातली रबरं आली, पण त्या दिवसापासून आमच्या घरात हसणं बंद झालं. बायको रोज सकाळी पावणेपाचला उठून डबा करायची आणि मी गाडी सुरू करेपर्यंत खिडकीत उभी राहायची. गाडीची तब्येत बरी वाटली तर मी नागोठण्याहून भिसे खिंडीच्या जवळच्या रस्त्यानं जायचो. नाही वाटली तर खांब, कोलाडवरून लांबचा वळसा. हायवेला निदान एखादा ट्रकवाला थांबतो. संध्याकाळी परतलो की बायको आधी विचारायची, "पोचलात ना वेळेवर?" मग पाणी द्यायची.

आणि एका रविवारी दुपारी मी जेवत असताना काका जिना चढून वर आले. असे ते कधी यायचे नाहीत. दारातच उभे राहिले. "कंपनी, आपलं चुकलं."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पुढे जे बोलले ते मला तेव्हा अर्धवटच कळलं. म्हणाले, "साचा तुकड्याचा नाय घ्यायचा. जागेचा घ्यायचा. इतकी वर्सं रबर झिजलं तशी ती खोबण पण झिजली. मोठी झाली. दुकानदार नव्या खोबणीच्या मापाचं देतो, मी झिजल्या तुकड्याच्या मापाचं दिलं. दोघं गाढव. खोबण आज जेवढी हाय तेवढं रबर पायजे." बायको वाढता वाढता थांबली. मी म्हणालो, "बरं." मनात म्हटलं, आली पुन्हा साडेसाती.

त्यांनी चाकाच्या खोबणीत शाडू दाबून तिचा ठसा घेतला. त्यावरून साचा केला आणि आठ दिवस थर देत बसले. दर दोन थरांमध्ये मलमलची पट्टी, मोठ्या मूर्तीच्या साच्याला देतात तशी. नवरात्राच्या देवींच्या ऑर्डरीचे दिवस होते. काकू खालून ओरडायच्या, "गिऱ्हाईक खोलंबलाय." हे म्हणायचे, "थांब गो जरा, हा थर सुकू दे." रविवारी रबरं बसवली. बसवली कसली, लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून आत घातली. मग मागे बसून म्हणाले, "चल खांबपर्यंत." गेलो आणि आलो. आवाज नाही, झटका नाही. अंगणात उतरल्यावर ते काहीतरी बोलतील, फळीपाशी मला नेऊन भाषण देतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता चाकावर हात ठेवला आणि घरात जाऊन चहा मागितला.

मी त्या संध्याकाळी बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली. "साचा जागेचा घ्यायचा." ती हसली नाही. म्हणाली, "शेवटचा आठवडा आहे. शनिवारी पत्र मिळेल. तोवर ह्या माणसाचे प्रयोग नकोत. दुकानातली चांगली रबरं महिनाभर तर टिकतात ना? आपल्याला सहा दिवस हवेत." बोलणं बिनचूक होतं. कुणालाही पटलं असतं.

सोमवारी परत येताना मी बाजारात थांबलो. दुकानदारानं विचारलं, "ओरिजनल ना?" मी म्हणालो, सगळ्यात भारी असेल ते. दुकानासमोर फूटपाथवर एक मेकॅनिक बसायचा, त्यानं चाक खोललं. काकांची रबरं निघता निघेनात. स्क्रू-ड्रायव्हर घालून, शिव्या घालून, शेवटी निघाली. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या बाजूच्या पेटीत टाकली आणि घरी आलो. खालून आवाज आला, "काय कंपनी, आवाज?" मी म्हणालो, "अजिबात नाही."

मंगळवारी सकाळी मी निर्धास्त भिसे खिंडीचा रस्ता धरला. निडीच्या आसपास मागून खडखड सुरू झाली, मग एक हिसका बसला आणि चेन तुटून रस्त्यावर पडली. चाक खोलायचीही गरज नव्हती. खोबणीतून काळा भुगा गळत होता, मशेरीसारखा. एक दिवससुद्धा टिकली नव्हती. मी गाडी तिथेच एका घराच्या ओट्याला लावली, एका टेम्पोला हात केला आणि पावणेआठला गेटवर पोचलो. साहेबांनी रजिस्टर उघडलं, तिसरी सुबक लाल खूण केली आणि म्हणाले, "आज काम करा. उद्या येऊन कागद घेऊन जा."

संध्याकाळी टेम्पोत गाडी घालून पेणला आणली. अंगणात उतरवत असताना काका हात पुसत बाहेर आले. तुटलेली चेन बघितली. चाकाखाली सांडलेला भुगा बघितला. टेम्पोच्या अंधारात आणि संध्याकाळच्या उजेडात भुगा तो भुगाच दिसतो, तांबूस की काळा काय कळणार? त्यांचा चेहरा उतरला.

"नोकरी?"

"गेली."

"माझी रबरं?"

मी हो म्हणालो.

का म्हणालो, ते सांगतो. त्यांच्या पाठीमागे जाऊन दुकानात गेलो ह्याची लाज वाटली. आणि दिवसभर कुणावर तरी फोडायचा राग साठला होता, तो फोडायला समोर तेच होते. बायको जिन्यात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता वर निघून गेली. त्यांची चांगली रबरं त्यांच्यापासून दोन हातांवर, गाडीच्या पेटीत, वर्तमानपत्रात होती.

बुधवारी सकाळी मी कागद आणायला निघालो तर खाली काका उभे. पांढरा लेंगा, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. प्रतिष्ठेच्या दिवशी घालायचे ते कपडे. भुवया धुतलेल्या. "मी पण येतो," म्हणाले. बसमध्ये रोह्यापर्यंत टोपी सावरत बसले. गेटवर वॉचमननं अडवलं तर त्याला हात जोडले. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. देवाच्याही कानाला धरून काम करणारा माणूस तो.

साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"ह्याचा घरमालक. पेणला गणपती करतो."

"मग इथे काय?"

"गाडीचं रबर मी बनवलेलं. साच्यातून. ते फुटलं. ह्याला दुकानातलं घ्यायचं व्हतं, मीच घेऊ दिलं नाय. गुन्हा माझा हाय, साहेब. ह्याला काढू नका."

साहेब आधी नीट ऐकत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला हाक मारून त्यांनी काकांना सगळं पुन्हा सांगायला लावलं. काकांनी पुन्हा सांगितलं. साच्यातून, थर देऊन, मलमल लावून. "अहो, मग मोटरसायकल कशाला दिलीत," साहेब म्हणाले, "उंदीरच द्यायचा ना बसायला." सगळं ऑफिस हसलं. मीसुद्धा हसलो. काका मान हलवत होते.

"लिहून द्या," साहेब म्हणाले. "मी बनवलेल्या खराब सामानामुळे ह्यांना उशीर झाला. आणि यापुढे मी कुठल्याही गाडीच्या कामाला हात लावणार नाही. एवढं लिहून दिलंत तर हा लेटमार्क मी पाहिलाच नाही असं समजतो."

काकांनी कागद ओढून घेतला. मूर्तीच्या पाटावर नाव रंगवायचे त्या वळणदार अक्षरात लिहायला लागले. 'मी बनवलेल्या' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं.

"खराब लिवायलाच पायजे?"

"लिहा."

मी शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर सामान खराब होतं हे तरी खरं राहिलं असतं, फक्त कुणाचं ते बदललं असतं. पण मग साहेबांना गंमत राहिली नसती, आणि गंमत नसेल तर ते लेटमार्क कशाला विसरतील? हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला. काकांनी 'खराब' लिहिलं, सही केली, आणि शनिवारी मला कायम झाल्याचं पत्र मिळालं.

बायकोनं पत्र देवापुढे ठेवलं. म्हणाली, "आता त्यांना सांगा." मी म्हणालो, सांगतो. पुढच्या आठवड्यात म्हणाली, दिवाळीत म्हणाली. मग म्हणायची थांबली. माझ्याशी ती नीट वागायची, पण काकूंकडे हळदीकुंकवाला जायचं टाळायला लागली.

गाडी तर रोज लागणारच होती. काकांनी कागद लिहून दिला त्याच संध्याकाळी मी गाडी ढकलत नेली आणि पेटीतून वर्तमानपत्राची पुडी काढून मेकॅनिकला दिली. दुसरं काही विकत घ्यायची हिंमत नव्हती. त्यानं चेन सांधली, रबरं ठोकून बसवली, चाक फिरवून बघितलं, मागेपुढे हिसडून बघितलं. "कोणी केलीत ही?" म्हणाला. "मला अजून चार जोड आणून द्या. माझ्याकडे ह्याच दुखण्याच्या चार गाड्या हायत." मी म्हणालो, करणाऱ्यानं काम सोडलं. "असं कसं सोडलं?" म्हणाला. ती रबरं त्या गाडीत नऊ वर्षं चालली. मी गाडी विकली तेव्हाही आतच होती.

काकांनी दिलेला शब्द पाळला. रविवारी मी अंगणात गाडी धूत असलो की ते पाठीमागे हात बांधून उभे राहायचे, चुकून लागू नयेत म्हणून. करदोट्याची किल्ली काढून त्यांनी काकूंबरोबर वर पाठवून दिली. सकाळी सव्वापाचला खालून आवाज यायचा बंद झाला. फार तर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, "दुकानातली रबरं टिकली ना?" मी म्हणायचो, "टिकली." ते मान हलवायचे. "टिकणारच. कारखान्याचा माल तो."

दोन वर्षांनी असेल, एका संध्याकाळी ते म्हणाले, "कंपनी, जरा बाजारात चल माझ्याबरोबर." त्या दिवशीही त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते सरळ स्पेअरपार्टच्या दुकानात शिरले. दुकानदार जरा सावधच झाला. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"शेठ, मी तुमच्या मालाला लई वर्सं शिव्या दिल्या. गावभर दिल्या. ह्याच्या गाडीत तुमची रबरं अजून हायत, विचारा ह्याला. चूक माझी व्हती. मनात ठेवू नका."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याला त्याच्या फळीवरचा माल माहीत होता. क्षणभर त्याच्याही चेहऱ्यावर आश्चर्य आलं, मग त्यानं फडकं खाली ठेवलं आणि मोठ्या मनानं म्हणाला, "होतं असं, काका. ज्याचं काम त्यानं करावं." त्यानं समोरच्या टपरीवर तीन बोटं दाखवली. चहा आला. काकांनी आधी दुकानदाराला दिला, मग मला दिला, आणि मी तो प्यायलो.